पत्र्यामागचे माप

मोटारीला अपघातात झालेली इजा दोन थरांत वाटलेली असते. चेपलेले मडगार्ड, फुटलेला दिवा, लटकणारा बम्पर आणि खरवडलेला रंग हा तिचा वरचा थर. मालकाचे मन तिथेच अडकते आणि गॅरेजमधला हातोडाही बहुधा तिथेच पहिल्यांदा पडतो. खालच्या थरात गाडीचा सांगाडा येतो, म्हणजे चाके, इंजिन, दारे आणि माणसे यांना एकमेकांपासून ठरावीक अंतरावर धरून ठेवणारी पोलादी रचना येते, आणि या अंतरांत काही मिलिमीटरचा फरक पडला तरी गाडी सरळ रस्त्यावर एका बाजूला ओढू लागते, टायर एकाच कडेने झिजतात, दार लावताना दोनदा आपटावे लागते. जी गाडी विकून दुसरी घेण्याचा विचार घरात कोणी बोलूनही दाखवत नाही, तिच्या बाबतीत हा खालचा थर तपासणे अधिक निकडीचे ठरते, कारण ती दुरुस्तीनंतरही वर्षानुवर्षे चालवायची असते आणि फसलेल्या दुरुस्तीचे व्याज तितकीच वर्षे भरावे लागते.

महाराष्ट्रात अशा जिव्हाळ्याच्या गाड्यांची गोष्ट निघाली की प्रीमियर पद्मिनीचे नाव हटकून येते. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यात इटलीच्या फियाट 1100 या मोटारीवरून घडवलेली ही गाडी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची ओळख बनली, आणि टॅक्सीसाठी ठरलेली 20 वर्षांची मुदत भरल्यामुळे ऑक्टोबर 2023 मध्ये तिची शेवटची टॅक्सी रस्त्यावरून उतरली. खाजगी मालकांनी मात्र अनेक पद्मिनी अजून जपल्या आहेत. तिचा पत्रा जाड आहे, म्हणून ती अपघातात टिकते, असा एक समज तिच्या चाहत्यांत रुजलेला आहे. तो तपासून पाहिला की अपघातातील नुकसानीचे बरेचसे शास्त्र त्यातूनच उलगडते.

पद्मिनीला वेगळी चॅसी नाही. जुनी जीप किंवा बोलेरो यांसारख्या गाड्यांत दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे यांची शिडीसारखी चौकट असते आणि वरची बॉडी तिच्यावर बोल्टांनी बसवलेली असते. उलट पद्मिनी, मारुती 800 आणि आजच्या बहुतेक सगळ्या प्रवासी गाड्या मोनोकॉक पद्धतीच्या आहेत, म्हणजे जमिनीचा पत्रा, दारांमधले खांब, छत आणि इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे आतले पत्रे शेकडो ठिकाणी स्पॉट वेल्डिंगने जोडून तयार झालेली एकच पेटी भार पेलते. आगपेटीचे बाहेरचे खोके एका कोपऱ्यावर दाबले की समोरचा कोपराही तिरका होतो, तसेच या पेटीचे होते. पुढच्या डाव्या दिव्यावर बसलेला दणका मागच्या उजव्या चाकाच्या कमानीपर्यंत पोहोचू शकतो, आणि म्हणून मार कुठे बसला एवढेच पाहून नुकसान कुठपर्यंत गेले हे ठरवता येत नाही.

दणक्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हेही अनेकदा लक्षात घेतले जात नाही. ताशी 36 किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळणारी गाडी जेवढी ऊर्जा घेऊन येते, तेवढीच ऊर्जा ती सुमारे 5 मीटर उंचीवरून खाली पडली तर तिच्यात असेल; वेग दुप्पट करून 72 केला तर ही उंची चौपट, म्हणजे 20 मीटरच्या वर, सहा-सात मजल्यांइतकी होते. ही ऊर्जा कुठेतरी खर्च व्हावीच लागते. ती पत्र्याच्या चुरगळण्यात खर्च झाली नाही, तर आत बसलेल्या माणसांच्या हाडांवर आणि अवयवांवर येते.

या विचारावर आधुनिक मोटारीची सगळी सुरक्षितता उभी आहे. डाइमलर-बेन्झचे अभियंते बेला बारेन्यी यांनी 1951 मध्ये एका रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. मोटारीचे पुढचे आणि मागचे भाग मुद्दाम चुरगळतील असे करावेत आणि मधला, माणसांचा भाग शक्य तितका ताठ ठेवावा, असे तिचे सूत्र होते, आणि 1959 मध्ये आलेल्या मर्सिडीजच्या नव्या मोठ्या गाड्यांत ते प्रत्यक्ष उतरले. पन्नास वर्षांनी, 2009 मध्ये, अमेरिकेतील महामार्ग-सुरक्षेच्या विमा संस्थेने 1959 ची शेव्हरोले बेल एअर आणि 2009 ची शेव्हरोले मालिबू या दोन गाड्या ताशी सुमारे 64 किलोमीटर वेगाने समोरासमोर अर्धवट आदळवल्या. जाडजूड पत्र्याच्या बेल एअरमध्ये चालकाची जागाच कोसळली. मालिबूचे नाक चुरडले, पण तिच्या चालकाच्या जागी ठेवलेल्या बाहुल्याला प्राणघातक इजेची खूण नव्हती. जुन्या गाडीचा पत्रा मार सहन करतो असे वाटते, तेव्हा तो मार अनेकदा पुढे सरकवत असतो. पद्मिनीवर प्रेम करणाऱ्याने तिला जपून आणि कमी वेगाने चालवण्याचे हे सर्वांत सबळ कारण आहे, आणि छोट्या धडकेनंतरही तिची कसून तपासणी करण्याचे कारणही हेच आहे.

अपघाताच्या जागी पहिली काळजी माणसांची. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 134 नुसार जखमींना वैद्यकीय मदत मिळवून देणे हे चालकाचे कर्तव्य आहे आणि पोलिसांना माहिती शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा 24 तासांच्या आत द्यावी लागते. गाडीच्या बाबतीत या घटकेला एकच मोह आवरायचा असतो, तो म्हणजे किल्ली फिरवून पाहण्याचा. रेडिएटर फुटून पाणी वाहून गेले असेल किंवा इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरला तडा जाऊन तेल सांडले असेल, तर मिनिटभर चाललेले इंजिन हजारोंचे काम लाखावर नेऊ शकते, आणि विमा कंपनी हे पुढचे नुकसान अपघातात धरण्यास नकार देऊ शकते. पेट्रोलचा वास येत असेल, तर दूर उभे राहणे एवढेच करायचे. जमिनीवर काय सांडले आहे ते मात्र नीट पाहून छायाचित्रात टिपावे: हिरवट किंवा गुलाबी पाणी कूलंटचे, काळपट चिकट डाग इंजिन ऑइलचा, आणि चाकाच्या मागे दिसणारा पातळ, तेलकट ओघळ ब्रेक ऑइलचा असतो. हा शेवटचा ओघळ दिसला तर गाडी ढकलतसुद्धा नेऊ नये; तिला उचलून नेणारे टोइंग वाहनच बोलवावे.

निदानाची पहिली पायरी डोळे आणि बोटे यांचीच आहे आणि तिला उपकरण लागत नाही. दारे, बॉनेट आणि डिकी यांच्या कडांमधल्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या आहेत का, हे डाव्या-उजव्या बाजूंची तुलना करून पाहावे. वर चार मिलिमीटर आणि खाली आठ असलेली फट बिजागरी वाकल्याचे किंवा खांब हलल्याचे सांगते. दार थोडे उघडून हळूच सोडावे आणि ते कुलपाच्या खिट्टीवर नेमके बसते की खाली-वर घासते ते पाहावे. त्यानंतर मार बसलेल्या जागेपासून लांबच्या जागा पाहाव्यात, कारण खरी चुगली तिथेच होते: छत आणि मागचा खांब जिथे मिळतात तिथे पत्र्यावर उठलेली बारीक लाट, चाकाच्या कमानीत रंगाला गेलेल्या केसासारख्या भेगा, जोडावरच्या सीलंटला पडलेली चीर. कारखान्यातला रंग पत्र्याइतका लवचिक नसतो, त्यामुळे पत्रा क्षणभर वाकून पुन्हा सरळ झाला तरी रंग तडकतो आणि तो क्षण नोंदवून ठेवतो. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहणेही इथेच येते. ज्या पट्ट्याने अपघातात माणसाला धरून ठेवले, त्याची वीण काही भागात ताणून चमकदार किंवा केसाळ झालेली असते, आणि असा पट्टा बदलावाच लागतो, मग तो कितीही नवा दिसो.

नव्या गाडीचा प्लास्टिकचा बम्पर या तपासणीत सर्वांत फसवा. तो दबतो, परत मूळ आकारात येतो आणि पुसल्यावर जणू काहीच झाले नाही असा दिसतो. त्याच्या मागचा फोम मात्र पिचलेला असतो आणि त्यामागचा आडवा पोलादी दांडा आत गेलेला असतो. म्हणून बम्पर काढून पाहिल्याशिवाय दिलेला खर्चाचा अंदाज हा अंदाज मानूच नये.

दुसरी पायरी मोजमापाची, आणि दुरुस्तीचे यश बव्हंशी इथेच ठरते. इंजिनाच्या खणात दोन्ही बाजूंना एकमेकांची प्रतिबिंबे असावीत असे बोल्ट आणि भोके असतात. पुढचा डावा बोल्ट ते मागचा उजवा बोल्ट हे तिरके अंतर आणि पुढचा उजवा ते मागचा डावा हे दुसरे तिरके अंतर सारखे असावे लागते, कारण चौकोनाचे दोन्ही कर्ण समान असतील तरच तो चौकोन सरळ राहतो. शेतात घराचा पाया आखताना गवंडी दोरीने जे करतो, तेच हे काम. साध्या फीत-मापाने हे अंतर घेता येते, पण मध्ये इंजिन आड येते, म्हणून गॅरेजमध्ये दोन सरकत्या टोकांची पट्टी असलेले ट्रॅम गेज वापरतात; अधिक सुसज्ज कार्यशाळेत गाडी पोलादी बाकावर पकडून तिच्या तळाचे ठरलेले बिंदू लेझरने किंवा मोजणाऱ्या हाताने उत्पादकाच्या तक्त्याशी ताडून पाहतात. साधारण 3 मिलिमीटरपर्यंतचा फरक चालवून घेण्याची रीत आहे. पद्मिनीसारख्या जुन्या गाडीचा तक्ता हाताशी नसेल तर त्याच गाडीची न धडकलेली बाजू हाच तक्ता, आणि तेही पुरे पडले नाही तर ओळखीतल्या दुसऱ्या सुस्थितीतील पद्मिनीवर तीच मापे घ्यावीत. जुन्या गाड्यांच्या मालकांचे आपसांतले स्नेहसंबंध अशा वेळी कोणत्याही उपकरणाइतके मोलाचे ठरतात.

चाकांच्या अलाइनमेंटचा छापील कागद हा गाडीचा सर्वांत स्वस्त एक्स-रे म्हणावा लागेल, पण तो वाचणारे थोडे. त्यात तीन कोन असतात: टो, म्हणजे वरून पाहिले असता पुढची चाके आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला किती वळली आहेत, कॅम्बर, म्हणजे समोरून पाहिले असता चाक उभ्या रेषेपासून किती कलले आहे, आणि कास्टर, म्हणजे ज्या आसाभोवती चाक वळते तो आस बाजूने पाहिला असता पुढे-मागे किती झुकला आहे. टो बहुतेक गाड्यांत नटांनी जुळवता येतो. कॅम्बर आणि कास्टर मात्र अनेक छोट्या गाड्यांत बॉडीच्या आणि चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मच्या आकारानेच ठरलेले असतात, त्यामुळे डाव्या आणि उजव्या चाकांच्या या दोन आकड्यांत लक्षणीय तफावत दिसली, की काहीतरी वाकले आहे असे खात्रीने समजावे. अशा वेळी टो जुळवून स्टिअरिंग सरळ दिसेल एवढे करून देणे म्हणजे मोडलेल्या पायाला लंगडण्याची सवय लावण्यासारखे आहे.

आता पत्र्याकडे. पोलाद वाकते तेव्हा वाकलेल्या जागी त्याचा स्वभाव बदलतो. एखादी तार एकदा वाकवून पुन्हा सरळ करायला गेले की मूळ बाक जसाच्या तसा राहतो आणि तार त्याच्या शेजारी वाकते, हा घरोघरचा अनुभव आहे. वाकण्याने धातू त्या रेषेवर कडक होतो, म्हणून असे घडते. चांगला डेंटर हे हाताने ओळखतो. तो पोच्याच्या खोलगट मध्यावर पहिला घाव घालत नाही. पत्र्यामागे डॉली, म्हणजे पोलादी ठोकळा, धरतो, पोच्याभोवती उठलेली कडक कड शोधतो आणि बाहेरून आत, हलक्या टिचक्यांनी, मार ज्या क्रमाने बसला त्याच्या उलट क्रमाने ती उतरवत येतो, आणि दर काही टिचक्यांनंतर हातमोजा घातलेला तळवा पत्र्यावरून फिरवतो, कारण डोळ्यांना न दिसणारी लाट तळव्याला कळते. मध्यावरच जोरात ठोकले तर पत्रा ताणला जाऊन त्याचे क्षेत्रफळ वाढते, तो जागेवर मावत नाही आणि डब्याच्या झाकणासारखा ‘टक’ असा आवाज करत आत-बाहेर होऊ लागतो. मग बहुधा लांबी भरण्याचाच मार्ग धरला जातो. लांबी, म्हणजे पुट्टी, वाईट नाही. शेवटचा एखादा मिलिमीटर सपाट करण्यासाठी ती हवीच. पण बोटभर जाडीची लांबी उन्हात आणि थरथराटात तडकते, पाणी आत घेते आणि दोन पावसाळ्यांत पत्र्यासकट सुटते. रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र हे लगेच उघड करते: कारखान्यातला रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतो, लांबी भरलेल्या जागी आकडा अनेक शेकड्यांत किंवा हजारावर जातो. यंत्र नसेल तर पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक पुरते. जाड लांबीवर ते धरत नाही.

बाहेरचा पत्रा आणि भार पेलणारा भाग यांत इथे भेद करावा लागतो. मडगार्ड ठोकून सरळ केले तर फार तर रूप बिघडेल. दारांमधला खांब, खालचा उंबरा किंवा पुढचा तुळईसारखा भाग यांना मात्र घडी पडली असेल, तर तो भाग बदलावा, नुसता वळला असेल तर ओढून सरळ करता येतो, असा जगभरच्या कारागिरांचा नियम आहे. नव्या गाड्यांत खांबांसाठी बोरॉनयुक्त अतिकठीण पोलाद वापरतात. ते तापवून दाबात थंड केल्यामुळेच कठीण झालेले असते, म्हणून गॅसच्या ज्योतीने लाल करून सरळ केले की आकार परत येतो आणि ताकद जाते. पद्मिनीचा पत्रा साधा सौम्य पोलादाचा असल्याने त्या मानाने तिच्या डेंटरला बरीच मोकळीक आहे, आणि अशी जुनी गाडी कुशल हाताखाली पुन्हा उभी राहू शकते ती याच कारणाने.

एअरबॅग असलेल्या गाडीत आणखी एक खाते उघडते. एअरबॅग धडकेनंतर सेकंदाच्या काही शतांश भागांत फुगते आणि ती एकदाच वापरायची वस्तू आहे; तिच्यासोबत सीट बेल्टला आवळणारे प्रीटेन्शनर आणि पुष्कळदा धडकेचा संवेदक व नियंत्रक हेही बदलावे लागतात. फुटलेल्या एअरबॅगच्या जागी नुसते आवरण शिवून डॅशबोर्डवरचा इशारा-दिवा बंद करून देणे हा माणसाच्या जिवाशी केलेला व्यवहार आहे, आणि जुनी गाडी विकत घेणाऱ्याने किल्ली फिरवल्यावर हा दिवा क्षणभर लागून विझतो का, हे पाहिलेच पाहिजे. पुढच्या काचेवर कॅमेरा किंवा बम्परमागे रडार असलेल्या गाड्यांत हे डोळे पुन्हा नेमके रोखावे लागतात. विजेच्या गाडीत तळाच्या बॅटरीच्या पेटीला बसलेला मार आणि नारिंगी रंगाच्या उच्चदाबाच्या तारा यांना प्रशिक्षित माणसाखेरीज कोणी हात लावू नये.

विम्याचा हिशेब बहुतेकांना बिल हाती आल्यावर कळतो. सर्वसाधारण सर्वसमावेशक पॉलिसीत बदललेल्या भागांवर घसारा कापला जातो: रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांवर 50 टक्के, फायबरच्या भागांवर 30 टक्के, काचेवर काही नाही, आणि धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार वाढत जाऊन 10 वर्षांनंतर 50 टक्के. दावा नोंदवल्यावर सर्व्हेअर, म्हणजे परवानाधारक नुकसान-मापक, गाडी पाहण्याआधी काम सुरू करू नये; आणि बम्पर किंवा मडगार्ड काढल्यावर आतले नवे नुकसान दिसले, तर तिथेच थांबून पुरवणी अंदाजपत्रक मंजूर करून घ्यावे. नाहीतर पहिल्या अंदाजात न आलेल्या वाकलेल्या दांड्याचा खर्च नंतर खिशातून भरावा लागतो, किंवा तो वाचवण्यासाठी तोच भाग तसाच ठेवला जातो.

जिव्हाळ्याच्या जुन्या गाडीची कोंडी पुढे आहे. दुरुस्तीचा खर्च विम्यात घोषित केलेल्या किमतीच्या 75 टक्क्यांहून अधिक झाला, की गाडी व्यवहारतः पूर्ण नष्ट झाली असे धरतात. घोषित किंमत 1,20,000 रुपये असेल तर 90,000 ही ती रेषा, आणि सुट्या भागांसाठी वणवण करावी लागणाऱ्या गाडीत ती ओलांडायला फार वेळ लागत नाही. कागदावर मृत ठरलेली गाडी कारागिराच्या दृष्टीने पूर्ण बरी होण्याजोगी असू शकते. म्हणून पाच वर्षांवरील गाडीची किंमत, जी विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, ती हप्ता कमी यावा म्हणून खाली ओढू नये, आणि वेळ आलीच तर भंगाराची किंमत वजा करून गाडी स्वतःकडे ठेवता येईल का आणि तिची नोंदणी कायम राहील का, हे दोन प्रश्न सही करण्यापूर्वी लेखी विचारावेत. दुरुस्तीची पद्धत निवडतानाही कायद्याचा एक धागा लक्षात ठेवावा लागतो: 2021 मध्ये आलेल्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांची नोंदणी मिळू शकते, मात्र तिची चॅसी, बॉडीचा साचा किंवा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत. साठीच्या दशकातील फियाटला दुसऱ्याच गाडीचे नाक जोडून घेणारा मालक हा मानही त्या जोडात कापून टाकतो.

दुरुस्त गाडी परत घेताना तिची चमक दुपारच्या उन्हात पाहावी, गॅरेजच्या दिव्याखाली नाही. पण त्याआधी मापांचा कागद मागावा, दुरुस्तीपूर्वीचा आणि नंतरचा. नव्याने वेल्ड केलेल्या पोकळ भागांच्या आतल्या बाजूला रंग पोहोचत नाही, त्यामुळे तिथे नळीने मेणासारखे गंजरोधक फवारले का हेही विचारावे, कारण मुंबई आणि कोकणाच्या खाऱ्या हवेत गंज बहुधा आतून बाहेर येतो आणि बाहेर दिसतो तेव्हा पत्रा चाळणीसारखा झालेला असतो. मग हजारेक किलोमीटर चालवून झाल्यावर, इंजिन बंद करून, हातब्रेक ओढून, पुढच्या दोन्ही टायरांवरून तळवा एकदा आतून बाहेर आणि एकदा बाहेरून आत फिरवावा. दोन्ही दिशांनी टायर सारखाच गुळगुळीत लागला तर काम ठीक झाले. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीच्या दातांसारखा खरखरीत लागला, तर चाके अजून तिरकी चालत आहेत, आणि गाडी मापांच्या त्याच कागदासह पुन्हा त्याच कारागिराकडे न्यायला हवी.